मध्यवर्ती सर्व्हर नको, मग त्याचे काम कोण करणार?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत विकेंद्रित नेटवर्कविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. मधली कंपनी नको, मध्यवर्ती सर्व्हर नको, प्रत्येकाचा फोन हाच एक नाका आणि सगळे फोन मिळून झालेले जाळे हेच उद्याचे इंटरनेट, असा त्या लेखाचा सूर होता, आणि पूरग्रस्त गावांना हेच तंत्रज्ञान तारील असेही शेवटी म्हटले होते. मी गेली अठरा वर्षे मिरज आणि पलूस तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत केबल आणि इंटरनेट जोडणीचा व्यवसाय करतो. त्याआधी काही वर्षे तंत्रनिकेतनात नेटवर्किंग हा विषय शिकवला आहे, आणि कृष्णेचे पाणी माझ्या स्वतःच्या दुकानाच्या माळ्याला लागलेले पाहिले आहे. लेखामागचा हेतू मला मनापासून मान्य आहे. पण मधला माणूस काढला की त्याचे कामही आपोआप संपते असे त्यात गृहीत धरले होते, ते मात्र खरे नाही. ते काम उरते आणि कोणाला तरी करावेच लागते. आपल्या भागात चुकीच्या भरवशाने जिवाशी गाठ पडते, म्हणून याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटले.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तिथे इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात, यावरून बाहेरगावच्या वाचकांना कल्पना यावी. वीज आधीच गेली होती. मोबाइल मनोऱ्यांचे जनरेटर डिझेल असेतो चालले आणि मग एकेक करून बंद पडले. आम्ही चाळीसएक माणसे गावातल्या शाळेच्या गच्चीवर होतो आणि समोरच्या दुमजली घराच्या गच्चीवर आणखी चार कुटुंबे होती. मधे जेमतेम पंधरा फुटांची बोळ, पण तिच्यात पुरुषभर पाणी होते आणि पावसाच्या आवाजात हाक पोहोचत नव्हती. त्या घरात एक बाळंतीण होती. तिला काय हवे-नको ते विचारायचे होते. माझ्या हातात चालू फोन होता, समोरच्याच्या हातातही चालू फोन होता, दोन्ही फोनांत ब्लूटूथ होते, वायफाय होते, आणि तरीही एका ओळीचा निरोप इकडून तिकडे जाईना. अखेर पहिलीच्या वर्गातली पाटी वर आणून, तिच्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहून आम्ही विचारणा केली आणि समोरून हातवाऱ्यांनी उत्तर घेतले.

कारण साधे आहे. संदेशाचे नेहमीचे ॲप आपला निरोप समोरच्या फोनकडे थेट पाठवतच नाही. तो मनोऱ्यावर जातो, तिथून फायबरने मोठ्या शहरात, तिथून कुठल्या तरी डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर, आणि मग तेवढीच वाट उलटी चालून पंधरा फुटांवर येतो. त्या वाटेवरचा एक सांधा निखळला की शेजारीही परदेशात गेल्यासारखा होतो. यासाठी पूरच यावा लागतो असेही नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी रात्री फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम या तिन्ही सेवा जगभर सुमारे सहा तास बंद होत्या, कारण देखभालीच्या कामात एक चुकीची आज्ञा गेली आणि त्या कंपनीच्या नेटवर्ककडे जाणाऱ्या वाटाच इंटरनेटवरून दिसेनाशा झाल्या. एका ठिकाणची चूक आणि कोट्यवधी माणसांचे बोलणे थांबलेले. म्हणून पीअर-टू-पीअर, म्हणजे बरोबरीच्या यंत्रांनी मध्यस्थाशिवाय एकमेकांशी थेट बोलण्याची पद्धत, हवी असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे, आणि मलाही ती हवी आहे.

पण फोनने फोनला गाठायचे तर तो आहे कुठे हे आधी कळले पाहिजे. इंटरनेटवरचा जुना पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक अशा ३२ अंकांचा असतो, त्यामुळे असे पत्ते सुमारे ४२९ कोटींच्या वर होऊच शकत नाहीत, आणि जगातली यंत्रे तर त्याहून कितीतरी जास्त झाली आहेत. म्हणून एकेका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवावे लागतात. मीही माझ्या ग्राहकांना असेच बसवतो, कारण प्रत्येकाला स्वतंत्र पत्ता घेऊन देणे मला परवडत नाही. सांगलीच्या जुन्या गावभागातला एखादा वाडा डोळ्यांसमोर आणावा. दारावर घरक्रमांक एकच, आत वीस बिऱ्हाडे. आतल्या कोणी बाहेर पत्र टाकले तर दारावरचा माणूस वहीत नोंद करतो आणि उत्तर आले की नोंद पाहून त्या बिऱ्हाडाला देतो. पण बाहेरून आपणहून आलेले पत्र कोणाचे हे त्याला कळत नाही, म्हणून ते परत जाते. अशा दोन वाड्यांतल्या दोन बिऱ्हाडांना थेट बोलायचे असेल तर दोघांनी एकाच सुमारास बाहेर पत्र टाकावे लागते, आणि ती वेळ जुळवून द्यायला सार्वजनिक पत्ता असलेला तिसरा कोणी तरी लागतो. तेही न जमले तर सगळे बोलणे त्या तिसऱ्याच्याच यंत्रातून न्यावे लागते, म्हणजे पुन्हा सर्व्हर आलाच. १२८ बिटांच्या नव्या पत्त्यांनी अपुरेपणाचा प्रश्न मिटवला आहे आणि आपल्याकडच्या मोबाइल नेटवर्कांवर ते पुष्कळ पसरलेही आहेत, पण बाहेरून आपणहून येणारी जोडणी सुरक्षेसाठी सहसा अडवलीच जाते. पत्ता मिळाला तरी दार बंदच राहते.

पत्ता शोधून देण्याचे हे काम कोणी करायचे, या एकाच प्रश्नाभोवती या तंत्राचा सगळा इतिहास फिरला आहे. १९९९ मध्ये एकमेकांकडची गाणी उतरवून घेण्याची नॅपस्टर ही सेवा आली तेव्हा गाणी लोकांच्या संगणकांवर होती, पण कोणाकडे काय आहे याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर होती. न्यायालयाने २००१ मध्ये त्या यादीवर बोट ठेवले आणि सगळे जाळे थांबले. २००० मध्ये आलेल्या नुटेलाने यादीच ठेवली नाही. प्रत्येकाने शेजाऱ्याला विचारायचे, शेजाऱ्याने त्याच्या शेजाऱ्याला, अशी ती पद्धत होती, आणि माणसे वाढली तशी त्या विचारणांच्या गर्दीनेच वाटा तुंबल्या. पुढे २००१-०२ च्या सुमारास कॉर्ड, कॅडेम्लिया यांसारख्या रचना निघाल्या, ज्यांत यादीचा लहानसा तुकडा प्रत्येक यंत्राच्या वाट्याला येतो आणि दहा लाख यंत्रांच्या जाळ्यातही विचारणा वीसेक टप्प्यांत मुक्कामाला पोहोचते. माणसाच्या बुद्धीचे हे मोठे देखणे काम आहे, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे. तरीही नव्याने आलेल्या यंत्राला जाळ्यातले निदान एक यंत्र ठाऊक असावेच लागते, आणि ती पहिली ओळख बहुधा सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी आधीच आत लिहून ठेवलेली असते.

याहून अवघड गोष्ट माणसांची आहे. आमच्याकडे शेतकामात पैरा करतात, काही गावांत त्याला सावड म्हणतात. आज तुझ्या रानात माझे बैल आणि मी, उद्या माझ्या रानात तू. पैसा फिरत नाही, लेखी हिशेब नसतो, तरी पिढ्यान् पिढ्या हे चालले, कारण कोण पैरा फेडत नाही हे अख्ख्या गावाला माहीत असते आणि त्याच्या रानात पुढच्या हंगामाला कोणी पाऊल टाकत नाही. इंटरनेटवर समोरचा माणूस अनोळखी असतो, आज एका नावाने घेऊन उद्या दुसऱ्या नावाने येतो. एटान अदार आणि बर्नार्डो ह्यूबरमन या संशोधकांनी २००० मध्ये नुटेला तपासले तेव्हा जवळजवळ ७० टक्के लोक स्वतः एकही फाइल देत नव्हते, आणि निम्म्याच्या आसपास उत्तरे केवळ वरच्या १ टक्का यंत्रांकडून येत होती. नावाला सगळे बरोबरीचे होते. भार मात्र मूठभरांच्या खांद्यावर होता.

ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये फाइली वाटून घेण्याची बिटटोरंट ही पद्धत काढली ती याच दुखण्यावर. त्यांनी फाइलचे तुकडे केले आणि नियम असा घातला की जो मला तुकडे देतो त्याला मी देईन, जो देत नाही त्याला देणे थांबवीन, आणि अधूनमधून एखाद्या नव्या माणसाला काही न मागता थोडे देऊन पाहीन, म्हणजे त्यालाही सुरुवात करता येईल. माझ्या आजोबांना हा नियम समजावून सांगावा लागला नसता. पण त्याचीही मर्यादा आहे. फाइल पुरी हाती आली की पुढे देत राहण्याचे कारण उरत नाही, आणि जिला फारशी मागणी नाही अशी फाइल शेवटच्या माणसाने संगणक बंद केला की नाहीशी होते. पेरणीला पैरा जुळतो. सामाईक विहिरीतला गाळ काढायचा म्हटले की माणसे मिळत नाहीत, हे ज्याने सामाईक विहिरीचे पाणी घेतले आहे त्याला ठाऊक आहे.

गावात हे कसे घडते ते मी स्वतः करून पाहिले. २०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या तरुण मंडळातल्या मुलांना घेऊन आम्ही चौदा फोनांवर ब्लूटूथने निरोप पुढे नेणारे एक ॲप घातले. जुन्या घरांच्या जाड भिंतींतून ब्लूटूथ एका घरापलीकडे मुश्किलीने जात होते, त्यामुळे निरोप गावभर जायचा तर मधल्या प्रत्येक घरातला फोन जागा असणे भाग होते. फोन मात्र बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप आपणहून झोपवतात. ती सेटिंग प्रत्येक फोनवर वेगळ्या जागी असते, आणि ती शोधून बदलण्यातच आमची सकाळ गेली. दुपारपर्यंत देवळापासून वेशीपर्यंत निरोप जाऊ लागला तेव्हा मुलांना फार आनंद झाला. संध्याकाळी मोजले तर चौदांपैकी पाच फोन जाळ्यात उरले होते. बाकीच्यांनी बॅटरी उतरते म्हणून ॲप बंद केले होते. मी त्यांना दोष देत नाही. पुरात फोन चार्ज करायला जागा नसते, आणि ज्याच्या घरात आजारी माणूस आहे त्याने आपल्या फोनमधली शेवटची वीस टक्के बॅटरी गावाचे निरोप वाहण्यात का घालवावी? विकेंद्रित जाळ्याचे खरे भाडे हे असते, आणि लेखात त्याचा उल्लेखही नव्हता.

मग आम्ही लांब पल्ल्याच्या छोट्या रेडिओ पेट्या आणल्या. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्या देशात कमी शक्तीच्या अशा उपकरणांना परवान्याशिवाय वापरता येतो. त्यावर फोटो किंवा आवाज जात नाही, दोन-चार ओळींचा मजकूर तेवढा जातो, पण पुरात तेवढाच लागतो. उभ्या उसातून अंतर फार घटले. गावच्या पाण्याच्या टाकीवर एक पेटी बसवली तेव्हा मात्र पलीकडच्या गावापर्यंत निरोप स्वच्छ पोहोचला. म्हणजे मालक नसलेल्या आमच्या जाळ्याला टाकी हे केंद्र मिळाले, आणि टाकीवर चढून बॅटरी पाहणारा एक माणूस लागू लागला. मला यात कमीपणा वाटला नाही, त्यातूनच रस्ता दिसला. दुःख याचे आहे की ते काम करणारा मुलगा पुढे नोकरीसाठी पुण्याला गेला, आणि टाकीवरची पेटी बंद पडून दीड वर्ष झाले तरी आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षातही आले नाही. कंपनीचा मनोरा बंद पडला तर निदान तक्रार कुठे करायची हे माहीत असते.

एका जागी बिघडले तरी बाकीचे चालू राहते, हा विकेंद्रित रचनेचा मोठा गुण सांगतात आणि तो खरा आहे. पॉल बारन यांनी १९६४ मध्ये युद्धातही टिकेल अशा संदेशजाळ्याचा अभ्यास मांडला तेव्हा प्रत्येक नाक्याला तीन-चार वाटा असल्या तरी जाळे अत्यंत चिवट होते असे दाखवून दिले. पण त्या वाटा खरोखर वेगवेगळ्या असाव्या लागतात. आमच्या भागात एका पुलाच्या कठड्याला बांधलेल्या एकाच पाइपातून तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या केबली जाताना मी पाहिल्या आहेत, आणि त्यांत एक माझीही होती. कागदावर तीन वाटा, पाण्याच्या दृष्टीने एकच. सगळी यंत्रे एकाच कारणाने एकदम पडली तर संख्येचा उपयोग होत नाही. ऑगस्ट २००७ मध्ये इंटरनेटवरून बोलण्याची स्काइप ही सेवा जवळजवळ दोन दिवस कोलमडली होती. ती तेव्हा वापरणाऱ्यांच्याच संगणकांवर उभी होती, आणि विंडोजच्या एका अपडेटनंतर जगभरचे असंख्य संगणक थोड्या वेळात बंद होऊन पुन्हा सुरू झाले. आधार देणारी यंत्रे गेलेली आणि आत येऊ पाहणाऱ्यांची झुंबड, अशी ती स्थिती होती. मनोरे एकदम परत चालू होतात तेव्हाही हेच होते. पूर ओसरताना पहिल्या तासात एकही फोन लागत नाही, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे.

आता अफवांविषयी. पूर आला की धरण फुटल्याचा निरोप फिरतोच. २०१९ मध्ये माझ्या डोळ्यांदेखत त्या एका ओळीने एका गल्लीतली माणसे सुरक्षित घर सोडून पाण्यात उतरली. मध्यवर्ती व्यवस्थेत असा निरोप निदान कुठे तरी थांबवता येतो. विकेंद्रित जाळ्यात थांबवणारा कोणी नसतो, आणि तेच तर त्याचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते. मग निरोप खरा कोणी ठरवायचा? पुष्कळांनी सांगितले म्हणून खरा, असे म्हणता येत नाही, कारण यंत्रांच्या जगात एकच माणूस शंभर तोंडांनी बोलू शकतो. ओळखीची हमी देणारे मध्यवर्ती कोणी नसेल तर ही फसवणूक पुरती रोखता येत नाही, हे जॉन डूसर यांनी २००२ मध्येच मांडले आहे. बिटकॉइन या आभासी चलनाने यावर डोकी न मोजता खर्ची पडलेली गणनशक्ती मोजण्याचा उपाय काढला. पण त्यापायी प्रचंड वीज जाते, सेकंदाला सातेक व्यवहारांच्या पुढे मूळ जाळे सरकत नाही, आणि २०१४ मध्ये तर एकाच गटाकडे निम्म्याहून जास्त शक्ती काही काळ एकवटली होती. गावाला हा उपाय कामाचा नाही.

कामाचा उपाय दुसरा आहे आणि तो स्वस्त आहे. लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीस यांनी १९८२ मध्ये सेनापतींच्या दृष्टान्ताने एक गणित मांडले. नुसत्या तोंडी निरोपांवर चार सेनापतींत एक फितूर असेल तर बाकीच्यांना एकमत करता येते, पण तिघांत एक फितूर असेल तर येत नाही. मात्र निरोपावर खोटी करता न येणारी सही असेल तर तिघांतही निभावते. प्रतिसरकारच्या आठवणी ज्या भागात घरोघरी सांगितल्या जातात, तिथे फितुरीने काय होते हे वेगळे सांगायला नको. आज अशी सही डिजिटल स्वरूपात उपलब्ध आहे. कोयनेतून किती विसर्ग सुरू आहे, आयर्विनला पाणी किती फुटांवर आहे, ही माहिती पाटबंधारे खात्याने दर वेळी चार ओळींच्या मजकुरात, तारीख, वेळ आणि अनुक्रमांक घालून, डिजिटल सही करून सोडली, आणि ती सही तपासण्याची किल्ली आधीच प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर चौकोनी कोडच्या रूपात लावून ठेवली, तर तो मजकूर कोणाच्याही फोनवरून, कितीही हातांतून, अगदी बोटीतून आलेल्या माणसाच्या फोनवरून मिळाला तरी खरा की खोटा हे इंटरनेट नसतानाही तपासता येईल. बिटटोरंट असेच करते. तुकडा कोणी दिला याला महत्त्व नसते, त्याचा गणिती ठसा जुळतो की नाही एवढेच पाहिले जाते. वेळ आणि अनुक्रमांकाचा आग्रह मी मुद्दाम धरतो आहे, कारण हाताहाती जाणारा निरोप उशिरा पोहोचतो, आणि काल खरा असलेला ४० फुटांचा आकडा आज माणसाला घरात बसवून ठेवतो. मोबाइलवर मोठा आवाज करून येणारे सरकारी इशारे २०२३ मध्ये तपासून पाहिले गेले, ते चांगलेच आहे. पण ते मनोरा चालू असेपर्यंतच येतील.

सर्वांत जास्त त्रास मला एका यादीने दिला आहे. जुलै २०२१ मध्ये कृष्णेने पुन्हा ५० फूट ओलांडले तेव्हा गावातून बाहेर काढलेल्या माणसांची यादी आम्ही दोघे जण दोन टोकांना फोनवर लिहीत होतो, मी वरच्या अंगाला आणि माझा मित्र नदीच्या बाजूला. मधला संपर्क तुटला. माझ्यापुढे तेव्हा दोनच पर्याय होते. संपर्क येईपर्यंत लिहिणे थांबवावे, म्हणजे यादी चुकणार नाही पण माणसे बोटीत बसून जात राहतील. किंवा लिहीत राहावे आणि दोन याद्या वेगळ्या होतील हे मान्य करावे. आम्ही लिहीत राहिलो. रात्री याद्या एकत्र केल्या तेव्हा एक आजी दोन्हीकडे होती, आणि एका कुटुंबाचे नाव मित्राने लिहिलेले होते ते मी माझी यादी वरून डकवली तेव्हा पुसले गेले. त्या कुटुंबाला शोधायला रात्री एक बोट पुन्हा पाण्यात गेली. ते सुखरूप नातेवाइकांकडे होते.

ही माझी व्यक्तिगत चूक होती, पण तिच्या मुळाशी एक सिद्धान्तही आहे. जाळे तुटलेले असताना सर्वत्र एकच अद्ययावत माहिती आणि प्रत्येक ठिकाणी काम चालू, या दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत, असे एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडले आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केले. पुरात जाळे तुटणारच, त्यामुळे निवड आधी करून ठेवावी लागते. माझ्या मते माणसांच्या यादीसाठी नियम असा असावा: नाव फक्त वाढवायचे, कोणतेही नाव पुसायचे नाही, चूक दुरुस्त करायची तर नवी नोंद करायची, प्रत्येक नोंदीला लिहिणाऱ्याचे नाव, वेळ आणि ठिकाण असावे. अशा याद्या कोणत्याही क्रमाने एकत्र केल्या तरी निष्पत्ती एकच येते, आणि या तत्त्वावरच्या माहितीरचना संगणकशास्त्रात आता चांगल्या रुळल्या आहेत. आजीचे नाव दोनदा आले तर नंतर काढता येते, गेलेले नाव मात्र परत येत नाही.

केंद्र काढून टाकले तरी कालांतराने ते परत तयार होते, हेही नमूद केले पाहिजे. ईमेल मुळात कोणालाही स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येईल असे आहे, पण बहुतेकांची टपाले दोन-चार कंपन्यांकडे आहेत. स्काइपनेही पुढे आधाराची यंत्रे कंपनीच्या सर्व्हरवर नेली आणि २०२५ मध्ये ती सेवाच बंद झाली. माणसाला रोजची देखभाल नको असते, म्हणून ती करणाऱ्याकडे सगळे जाते. माझे ग्राहकही याच कारणाने माझ्याकडे येतात.

म्हणून माझी विनंती जिल्हा प्रशासनाला, ग्रामपंचायतींना आणि आपल्या वाचकांना अशी आहे, की एकच मोठे केंद्र किंवा केंद्रच नाही, या दोन टोकांत अडकू नये. गावागावांत लहान केंद्र असावे. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलेच आहे. तिथे पूररेषेच्या वर, बॅटरीवर चालणारा एक छोटा सर्व्हर आणि वायफाय ठेवले, तर बाहेरची केबल तुटली तरी गावातल्या गावात निरोप, यादी आणि शेवटचा सही केलेला पाणीपातळीचा मजकूर मिळत राहील. अशा केंद्रांनी शेजारच्या गावांशी रेडिओने बोलावे, आणि कोणतेही एक बंद पडले तर बाकीच्यांचे अडू नये. लोकांच्या फोनांवर भार टाकू नये. ज्याला जमेल त्याने मदत करावी, पण व्यवस्था त्या मदतीवर टांगलेली नसावी. दरवर्षी मे महिन्यात एक दिवस गावचा मनोरा बंद आहे असे समजून सराव करावा. आणि देखभालीचे काम मानधनासह एका माणसाच्या नावावर लिहिलेले असावे, त्याच्या गैरहजेरीत दुसऱ्याच्या. गावच्या पाणीपुरवठ्याला आपण कर्मचारी ठेवतोच, त्याला पगार देतो आणि पाणी आले नाही तर त्यालाच विचारतो.

आमच्या टाकीवरची पेटी मी गेल्या आठवड्यात स्वतः चढून पाहिली. बॅटरी फुगली होती आणि एक तार मुंग्यांनी खाल्ली होती. दोन्ही बदलून पेटी पुन्हा सुरू केली आहे. ग्रामपंचायतीत एक वही ठेवली आहे, तिच्यात दर सोमवारी बॅटरीचा आकडा आणि पाहणाऱ्याची सही व्हायची आहे. पहिल्या दोन सोमवारांवर माझे नाव आहे, पुढच्या दोन सोमवारांवर मंडळातल्या एका मुलीने आपले नाव लिहिले आहे, त्यानंतरची पाने अजून कोरी आहेत. नदीकाठच्या दुसऱ्या कोणत्या गावाला अशी पेटी बसवायची असेल तर मी माझ्या खर्चाने येऊन जागा पाहून देईन. आपण या पत्राला जागा दिलीत तर ते त्यांच्यापर्यंत पोहोचेल.

आपला विश्वासू,
एक इंटरनेट जोडणी व्यावसायिक,
ता. मिरज, जि. सांगली